अखंड नक्षीतील सांधा : ग्राफिक डिझाइनमधील पार्श्वभूमी-नक्षी आणि पोत यांचा चिकित्सक विचार

गोषवारा :

ग्राफिक डिझाइनमध्ये पार्श्वभूमी म्हणून वापरल्या जाणाऱ्या ‘सीमलेस’ अर्थात अखंड नक्षीकडे बहुधा एक तांत्रिक सोय म्हणून पाहिले जाते. दोन तुकड्यांमधील सांधा दिसला नाही, की नक्षी उत्तम मानली जाते. प्रस्तुत लेखात या निकषाची चिकित्सा करण्यात आली आहे. प्रत्येक अखंड नक्षीत भूमितीचा, श्रमाचा आणि मूळ संदर्भाचा असे तीन सांधे असतात. त्यांपैकी पहिला बुजवणे हे कारागिरीचे काम आहे. परंतु तो बुजवताना उरलेले दोनही नकळत पुसले जातात. विल्यम मॉरिस यांचे वॉलपेपर, ओवेन जोन्स यांचा नमुनासंग्रह, अजिंठ्याची छते आणि वारली चित्रकला या उदाहरणांच्या आधारे पार्श्वभूमी-नक्षीच्या मूल्यमापनाचे काही निकष येथे मांडले आहेत. देवनागरी मजकुराच्या वाचनीयतेचा प्रश्नही विचारात घेतला आहे.

बीजसंज्ञा : अखंड नक्षी, पोत, पुनरावृत्ती, सांधा, पार्श्वभूमी, वारली चित्रकला, देवनागरी मुद्रण.

प्रस्तावना :

दैनंदिन व्यवहारात ज्या गोष्टी सर्वाधिक डोळ्यांखालून जातात आणि ज्यांच्याकडे सर्वांत कमी पाहिले जाते, त्यांत पार्श्वभूमीच्या नक्षीचा समावेश करावा लागेल. लग्नपत्रिकेचा कागद, मिठाईच्या खोक्यावरील वेष्टन, बँकेच्या धनादेशावरील बारीक रेषांचे जाळे, चर्चासत्राचा फलक, संगणकावरील सादरीकरण या सर्वांच्या तळाशी कोणती तरी नक्षी किंवा कोणता तरी पोत पसरलेला असतो. वाचक मजकूर वाचतो, चित्र पाहतो. तळाची नक्षी त्याच्या नजरेतून केवळ सरकून जाते. ‘पार्श्वभूमी’ या शब्दातच तिचे दुय्यमत्व गृहीत धरलेले आहे.

डेन्मार्कचे मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी १९१५ मध्ये आकृती आणि तळ यांच्या परस्परसंबंधाची मांडणी केली. एकाच दृश्यातील काही भाग आकार म्हणून पुढे येतो आणि उरलेला भाग तळ म्हणून मागे सरतो, हे त्यांनी दाखवून दिले. तळाला स्वतःची आकृती नसते असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात मात्र डिझाइनरने हा तळही तितक्याच जाणीवपूर्वक घडवलेला असतो. जे घडवलेले असते त्याची समीक्षा होऊ शकते आणि व्हावयास हवी, ही प्रस्तुत विवेचनामागील भूमिका आहे.

सांधा : भूमितीचा प्रश्न

अखंड नक्षीचे मूळ तत्त्व साधे आहे. एका चौकोनी तुकड्याच्या उजव्या कडेवर तुटलेली रेषा डाव्या कडेवर त्याच उंचीवर पुढे सुरू झाली आणि वरच्या कडेवर कापलेले पान खालच्या कडेवर पूर्ण झाले, की तो तुकडा कितीही वेळा शेजारी-शेजारी मांडला तरी जोड दिसत नाही. व्यवहारात या तुकड्याला ‘टाइल’ म्हणतात. फरशी बसवणारा गवंडी ज्या अडचणीशी झगडतो, तीच अडचण येथे कागदावर किंवा पडद्यावर सोडवायची असते.

फोटोशॉपमधील ‘ऑफसेट’ ही सोय याच कामाची आहे. तिच्या साहाय्याने प्रतिमा निम्म्या रुंदीने आणि निम्म्या उंचीने सरकवली जाते. एका कडेने बाहेर गेलेला भाग समोरच्या कडेने आत येतो. त्यामुळे कडांवर लपलेली विसंगती तुकड्याच्या मध्यभागी अधिकच्या चिन्हासारखी उघडी पडते. मग आसपासचा भाग उचलून ती बुजवली जाते. दोष प्रथम मध्यभागी आणायचा आणि नंतर नाहीसा करायचा, असा हा क्रम आहे.

तथापि, कडा जुळल्या म्हणजे काम संपले असे होत नाही. तुकड्यात एखादे फूल इतरांपेक्षा ठसठशीत असेल, तर मोठ्या पृष्ठावर त्याच फुलाच्या आडव्या-उभ्या रांगा दिसू लागतात. त्यावरचा वस्त्रोद्योगातील जुना उपाय म्हणजे ‘हाफ-ड्रॉप’ मांडणी. हिच्यात शेजारचा स्तंभ आवृत्तीच्या निम्म्या उंचीने खाली सरकवला जातो. त्यामुळे नजर सरळ रांगेऐवजी तिरकस वाटेने जाते आणि आवृत्तीची लांबी सहजी लक्षात येत नाही.

गणिताने या क्षेत्राची सीमा कधीच निश्चित केली आहे. दोन दिशांनी पुनरावृत्त होणाऱ्या कोणत्याही सपाट नक्षीची सममिती १७ प्रकारांपैकी एका प्रकारात बसते, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेडोरोव्ह यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले. जॉर्ज पोल्या यांनी १९२४ मध्ये ते स्वतंत्रपणे मांडले. पोल्या यांच्या आकृत्यांचा उपयोग पुढे डच चित्रकार एशर यांना झाला. स्पेनमधील अलहाम्ब्रा राजवाड्याच्या भिंती त्यांनी १९२२ आणि १९३६ मध्ये पाहिल्या होत्या. समीक्षेच्या दृष्टीने या सिद्धांताचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. अप्रतिम गालिचा आणि सुमार वेष्टन-कागद हे दोन्ही त्या सतरांपैकी एकाच प्रकारात बसू शकतात. याचाच अर्थ, नक्षी चांगली की सामान्य हे भूमिती सांगू शकत नाही. तिथून पुढे समीक्षेचे काम सुरू होते.

पुनरावृत्तीमागील अर्थकारण

नक्षी पुनरावृत्त का होते, या प्रश्नाचे पहिले उत्तर सौंदर्याचे नसून साधनांच्या मर्यादेचे आहे. लाकडी ठसा छापणाऱ्याच्या हाताला पेलेल एवढाच मोठा असू शकतो. राजस्थानातील ठसेछपाईत बाह्यरेषेच्या ठशाला ‘रेख’, आतील रंग भरणाऱ्या ठशाला ‘दत्ता’ आणि तळ भरणाऱ्या ठशाला ‘गद’ म्हणतात. तळासाठी स्वतंत्र ठसा आणि स्वतंत्र नाव असणे हे लक्षणीय आहे. या परंपरेत पार्श्वभूमी ही उरलेली जागा मानली जात नाही. तीही छापावी लागते.

ठशाच्या कोपऱ्यावरील लहानशा खुणेवरून कारागीर पुढचा ठसा जुळवतो. तरीही रंग कधी दाट बसतो, कधी फिका. ठसा कधी केसभर सरकतो. त्यामुळे अशा कापडात पुनरावृत्ती असते, पण तंतोतंत प्रत नसते. कैरोजवळील फुस्तात येथे सापडलेली गुजरातची मध्ययुगीन छापील सुती वस्त्रे या व्यापाराच्या दीर्घ परंपरेची साक्ष देतात. त्या तुकड्यांकडे पाहताना अभ्यासकाला ठसा कोठे संपला आणि कोठे सुरू झाला हे अनेकदा ओळखता येते. सांधा हा तेथे श्रमाचा पुरावा ठरतो.

संगणकाच्या आरंभकाळातही मर्यादेनेच नक्षीला जन्म दिला. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकावरील मॅकपेंट या आज्ञावलीसाठी सुझन केअर यांनी घडवलेल्या नक्षी आडवे ८ आणि उभे ८ अशा एकूण ६४ ठिपक्यांच्या होत्या. ठिपका काळा किंवा पांढरा एवढाच पर्याय असल्याने अशी एक नक्षी केवळ ८ बाइटांत मावत असे. १९९५ मध्ये नेटस्केपच्या १.१ आवृत्तीने संकेतपृष्ठाच्या तळाशी प्रतिमा पसरवण्याची सोय दिली. दूरध्वनीच्या तारेवरून माहिती संथपणे येत असलेल्या त्या काळात एक लहान तुकडा एकदाच उतरवून संपूर्ण पृष्ठ भरणे हा मोठाच लाभ होता. डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीएसएसच्या पहिल्या मानकात तळाची प्रतिमा दोन्ही दिशांनी, फक्त आडवी, फक्त उभी अशी पसरवण्याचे किंवा मुळीच न पसरवण्याचे पर्याय नोंदवले गेले.

आज स्मृती स्वस्त आहे आणि संपूर्ण भिंतीएवढी प्रतिमाही सहज छापता येते. साधनांची सक्ती बरीचशी सरली, तरी टाइल टिकून आहे; कारण आता ती विक्रीयोग्य वस्तू झाली आहे. एकदा केलेला तुकडा वही, उशीचा अभ्रा, भ्रमणध्वनीचे आवरण आणि निमंत्रणपत्रिका अशा कोणत्याही पृष्ठावर लावता येतो. पूर्वी पृष्ठ ठरलेले असे आणि त्यासाठी नक्षी घडवली जाई. आता नक्षी आधी तयार असते आणि पृष्ठ नंतर सापडते. हा बदल मूल्यमापनाच्या केंद्रस्थानी ठेवावयास हवा.

नक्षी आणि पोत : एक आवश्यक भेद

व्यवहारात ‘पॅटर्न’ आणि ‘टेक्श्चर’ ही दोन नावे सर्रास एकत्र घेतली जातात. समीक्षेने मात्र त्यांत भेद केला पाहिजे. नक्षी पुनरावृत्तीची उघड कबुली देते. पुनरावृत्ती हाच तिचा ताल असतो. पोताचा दावा याच्या नेमका उलट असतो. लाकूड, हातकागद, सारवलेली भिंत, दगड यांचा पोत ‘येथे काहीही दोनदा घडलेले नाही’ असे सुचवतो. त्यामुळे पोताची टाइल मुळातच एक अंतर्विरोध घेऊन येते.

लाकडाच्या छायाचित्रावरून पोत तयार करताना हा अंतर्विरोध स्पष्ट होतो. त्यात एखादी ठळक गाठ असेल, तर ती प्रत्येक तुकड्यात त्याच जागी उगवते आणि लबाडी उघड होते. म्हणून डिझाइनर ती गाठ पुसतो. मग वेगळा डाग पुसतो, मग गडद रेघ. शेवटी उरते ते कोणत्याही झाडाचे नसलेले, सरासरी लाकूड. अखंडतेसाठी वैशिष्ट्याची किंमत मोजावी लागते, हा पोताच्या टाइलचा सर्वसाधारण नियम म्हणता येईल. अनेक फलकांवरील ‘जुन्या कागदा’चा पोत एकसारखाच का वाटतो, याचे कारण येथे सापडते. त्या कागदाला जुने करणारी विशिष्ट घडी, विशिष्ट डाग आधीच काढून टाकलेले असतात.

या अडचणीवर संगणकशास्त्राने गंभीर उपाय शोधले आहेत. केन पर्लिन यांनी १९८५ मध्ये छायाचित्राऐवजी गणिती सूत्रातून ढग, संगमरवर यांसारखे पोत निर्माण करण्याची पद्धत मांडली. एफ्रोस आणि फ्रीमन यांनी २००१ मध्ये तुकडे एकमेकांवर थोडे चढवून, जेथे दोहोंतील फरक किमान असेल त्या वाकड्या रेषेने ते जोडण्याची रीत दिली. तिला त्यांनी गोधडीच्या शिवणकामावरून नाव दिले. हाओ वांग यांच्या १९६१ मधील रंगीत कडांच्या फरश्यांची कल्पना वापरून २००३ मध्ये थोड्या तुकड्यांतून पुनरावृत्ती जाणवू न देणारी पृष्ठे तयार करण्यात आली. २०२३ मध्ये तर एकाच आकाराची, ‘हॅट’ नावाने ओळखली जाणारी फरशी सापडली. ती संपूर्ण प्रतल व्यापते, पण तिची मांडणी कधीच ठरावीक अंतराने पुनरावृत्त होत नाही. अखंडता आणि एकसुरीपणा यांचे नाते अटळ नाही, हे या शोधांवरून दिसते. एकसुरी पोत वापरला जातो तो बहुतांशी सवयीमुळे.

मॉरिस यांचे दोन वॉलपेपर

पुनरावृत्तीकडे पाहण्याच्या दोन प्रामाणिक पद्धती विल्यम मॉरिस यांच्या कामात दिसतात. ‘ट्रेलिस’ हा त्यांनी संकल्पित केलेला पहिला वॉलपेपर १८६२ चा आहे. त्यात लाकडी पट्ट्यांची चौकट स्पष्ट दिसते, तिच्यावर गुलाबाची वेल चढते आणि पक्षी वावरतात. हे पक्षी त्यांचे वास्तुविशारद मित्र फिलिप वेब यांनी रेखाटले होते. येथे आवृत्तीची चौकट लपवण्याचा प्रयत्न नाही. उलट तिलाच वेलीचा मांडव बनवले आहे.

‘अकँथस’ या १८७५ च्या वॉलपेपरची रीत वेगळी आहे. मोठी वळणदार पाने एकमेकांवर अशी झुकतात, की आवृत्ती कोठे संपते हे शोधावे लागते. त्यासाठी १५ रंगछटा आणि ३० ठसे लागत. येथे सांधा लपतो, परंतु तो लपवण्यासाठी पानांची वैशिष्ट्ये पुसलेली नाहीत. आणखी पाने, आणखी छटा, आणखी वळणे घातलेली आहेत. पोताच्या टाइलमध्ये वजाबाकीने साधलेली अखंडता येथे बेरजेने साधली आहे. समीक्षकाने दोन्हींतील हा फरक ओळखला पाहिजे. कारण वरवर पाहता दोन्ही ‘सीमलेस’च आहेत.

अर्थात, मॉरिस यांच्या बाबतीत एक विसंगतीही नोंदवावी लागते. श्रमाच्या आनंदाचा पुरस्कार करणाऱ्या या कलावंताचे हातछपाईचे महागडे कागद श्रीमंतांच्या घरांतच प्रामुख्याने गेले. आज त्याच नक्षी स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर असल्याने स्वस्त वेष्टनांवर सर्वत्र आढळतात. नक्षी सर्वांपर्यंत पोहोचली, पण तीस ठशांचा श्रम तिच्यासोबत पोहोचला नाही.

नमुना-पृष्ठाची परंपरा

आजच्या नक्षीसंग्रहांचा पूर्वज शोधायचा झाल्यास ओवेन जोन्स यांच्या १८५६ मधील ‘द ग्रामर ऑफ ऑर्नामेंट’ या ग्रंथाकडे जावे लागते. १८५१ च्या लंडनमधील जागतिक प्रदर्शनात आलेल्या भारतीय वस्तूंवरील नक्षीकामाने जोन्स प्रभावित झाले होते. ग्रंथात भारतीय अलंकरणाला स्वतंत्र स्थान आहे. युरोपीय कारखानदारीच्या नक्षीपेक्षा ही नक्षी त्यांना अधिक तत्त्वनिष्ठ वाटली. वसाहतकाळातील ही दाद निःसंशय महत्त्वाची आहे.

तथापि, त्या पृष्ठांची मांडणी पाहता दुसरी बाजू समोर येते. गालिचा, भांडे, शस्त्राची मूठ, वस्त्र यांवरील नक्षी तेथे आपापल्या वस्तूंपासून सुटून समान चौकटींत शेजारी-शेजारी बसते. तिचे मूळ माप, तिचा स्पर्श, ती वस्तू वापरणारा हात हे सर्व चौकटीबाहेर राहते. ‘भारतीय’, ‘पर्शियन’, ‘इजिप्शियन’ अशी शीर्षके मात्र कायम राहतात. संगणकीय संग्रहांतील ‘एथनिक’ किंवा ‘ट्रायबल’ असे विभाग याच मांडणीचे वारस आहेत. फरक इतकाच, की जोन्स यांनी प्रत्येक नक्षीमागील तत्त्व शोधण्याचा प्रयत्न केला होता. संग्रहाला केवळ शोधशब्द पुरतो.

अजिंठा आणि वारली : टाइल न होणाऱ्या नक्षी

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे या संदर्भात विशेष बोलकी आहेत. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. लंडनला पाठवलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक आगीत नष्ट झाल्या; ग्रिफिथ्स यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात छतावरील अलंकरणालाही मोठे स्थान मिळाले.

लेणे क्रमांक १ चे छत पाहिले असता चौकटींचे नियमित जाळे दिसते. प्रथमदर्शनी ते टाइलच्या मांडणीसारखे भासते. परंतु चौकटीत डोकावल्यावर कोठे कमळे, कोठे फळे, कोठे पक्षी, तर कोठे प्राणी वा मानवाकृती आढळतात. जाळे नियमित आहे, मजकूर बदलता आहे. एक चौकट उचलून ती सर्वत्र पसरवणे तांत्रिकदृष्ट्या सहज शक्य आहे; मात्र तसे केल्यास त्या छताचे तत्त्वच नाहीसे होते. अजिंठ्याच्या छताचा वारसा घ्यायचा, तर जाळे घ्यावे आणि प्रत्येक घर नव्याने भरावे लागेल. आज संगणकाला हे अवघड नाही. संकल्पकाचा वेळ मात्र त्यासाठी लागतो.

वारली चित्रकलेचे उदाहरण अधिक कळीचे आहे. लग्नप्रसंगी सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते आणि भोवती भौमितिक पट्ट्यांची चौकट असते. १९७० च्या दशकापासून जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रांची भौगोलिक उपदर्शन म्हणून २०१४ मध्ये नोंद झाली. ही नोंद मुख्यतः नावाचे संरक्षण करते. नाव न घेता रूपाचा तुकडा वापरला गेल्यास तिचा आधार तोकडा पडतो.

वारली चित्रांतील तारपानृत्याचे वलय पार्श्वभूमी-नक्षी म्हणून विशेष लोकप्रिय आहे. हे वलय नागमोडी उलगडते. त्याला तारपा वाजवणारा असतो आणि साखळीला एक मोकळे टोक असते. टाइल करताना येथे दोनच मार्ग उरतात. संपूर्ण वलय तुकड्यात ठेवले, तर पृष्ठभर शेकडो तारपावादक उगवतात आणि प्रत्येकाभोवती तेच नृत्य चालते. वलय मोडून नर्तकांची सरळ पट्टी केली, तर तारपावादक नाहीसा होतो आणि माणसे कोणाच्याही सुरावाचून, आदि-अंतावाचून नाचत राहतात. दोन्ही प्रसंगी कडा अचूक जुळलेल्या असतात. भूमितीचा सांधा बुजला; मात्र ज्यामुळे ते नृत्य होते, तो संबंध तुटला.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. नक्षी नेहमीच प्रवास करत आली आहे. गुजरातचे कापड इजिप्तला गेले, भिंतीवरचा चौक स्वतः वारली कलावंतांनीच कागदावर आणला. मग संदर्भ सुटल्याची तक्रार कशासाठी? हा आक्षेप मान्य करूनही भेद शिल्लक राहतो. गुजरातचे कापड मुळातच पुनरावृत्तीसाठी घडले होते. त्याने प्रवास केला तरी त्याचे तत्त्व अबाधित राहिले. मशे यांनी भिंत सोडली, परंतु वलयाचे केंद्र सोडले नाही. चौकाच्या भौमितिक पट्ट्या तर स्वतःच पुनरावृत्तीने बांधलेल्या आहेत. त्या किनारीसाठी वा तळासाठी घेतल्या, तर त्यांच्या स्वभावाला धक्का लागत नाही. पट्टी टाइल होऊ शकते, वलय होऊ शकत नाही. उसनवारी करावी की नाही, यापेक्षा उसने घेतलेल्या रूपात पुनरावृत्ती मुळातच आहे का, हा प्रश्न अधिक नेमका आहे.

देवनागरी मजकूर आणि तळ

पार्श्वभूमीची अंतिम परीक्षा तिच्यावरील मजकुराच्या वाचनात होते. या बाबतीत प्रचलित मार्गदर्शन बहुतांशी रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असते. देवनागरीच्या गरजा वेगळ्या आहेत. शिरोरेषेमुळे आडव्या रेघांचा पोत अक्षरांशी थेट स्पर्धा करतो. अनुस्वार हा एक ठिपका आहे; ठिपक्यांच्या तळावर ‘नंदी’ची ‘नदी’ आणि ‘नदी’ची ‘नंदी’ होण्यास वेळ लागत नाही. खाली लागणारे उकार आणि पायमोडकी अक्षरे बारीक वेलबुट्टीत हरवतात. म्हणजेच रोमन मजकुराखाली निर्धोक ठरलेली नक्षी मराठी मजकुराखाली चुकीचे वाचन घडवू शकते.

संकेतपृष्ठांच्या सुलभतेसाठी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सामान्य आकाराचा मजकूर आणि तळ यांच्यात किमान ४.५ : १ इतके प्रकाशभेदाचे प्रमाण सांगितले आहे. सपाट रंगावर ते एकदा मोजले की पुरे. नक्षीच्या तळावर मात्र ते ठिकठिकाणी बदलते. म्हणून सर्वांत प्रतिकूल जागी ते टिकते का, हे पाहावे लागते. दृष्टी अधू असलेल्या वाचकाच्या बाबतीत हा सौंदर्याचा नसून प्रवेशाचा प्रश्न आहे.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. सांधा न दिसणे ही अखंड नक्षीची किमान अट आहे. ती गुणवत्तेची कसोटी मानता येणार नाही.

२. अखंडता वैशिष्ट्ये पुसून साधली आहे की वाढवून, हे तपासल्याशिवाय नक्षीचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

३. नक्षी आणि पोत यांना एकच निकष लावणे अयोग्य आहे. नक्षीत पुनरावृत्तीचा ताल पाहावा. पोतात पुनरावृत्ती कोणत्या किमतीवर लपवली आहे ते पाहावे.

४. परंपरागत रूप वापरताना ते मुळात पुनरावृत्त होणारे आहे की केंद्र, आरंभ आणि शेवट असलेले आहे, याचा निर्णय प्रथम व्हावा. दुसऱ्या प्रकारचे रूप टाइलमध्ये बसवणे म्हणजे त्याचा अर्थ बदलणे होय. उगमाचा आणि कलावंतसमूहाचा उल्लेख करणे हे येथे सौजन्यापुरते राहत नाही. तो अभ्यासाच्या शिस्तीचा भाग ठरतो.

५. मराठी मजकुरासाठी तळ निवडताना शिरोरेषा, अनुस्वार आणि उकार यांची परीक्षा प्रत्यक्ष मजकूर ठेवूनच व्हावी.

महाविद्यालयांतून दरवर्षी असंख्य फलक, पत्रिका, अंकांची मुखपृष्ठे आणि सादरीकरणे तयार होतात. त्यांतील मजकुराचे मुद्रितशोधन होते, चित्रांची निवड होते. तळाची नक्षी मात्र संग्रहातून उचलून तशीच पसरवली जाते. विद्यार्थ्याला ती नक्षी कोठून आली, कशासाठी घडली आणि तिच्यातून काय पुसले गेले, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावता आली, तर दृश्यसाक्षरतेच्या अध्यापनाला एक हाताशी असलेले आणि कोणताही खर्च न लागणारे साधन मिळेल.